शिल्प निदेशक : कार्यशाळेतील गुरू

(तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या गौरवार्थ झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सप्टेंबरची पाच तारीख आली की वृत्तपत्रांतून, शाळांच्या सभागृहांतून आणि अलीकडे हातातल्या भ्रमणध्वनीवरूनही शिक्षकांविषयीच्या कृतज्ञतेला भरते येते. त्या दिवशीची चित्रे पाहावीत. फळा असतो, खडू असतो, चष्मा लावलेले गुरुजी असतात, नीटनेटक्या साडीतील बाई असतात. निळा ॲप्रन घातलेला, बोटांच्या पेरांत तेलाची काळी रेघ कायमची बसलेली, कानस हातात धरून विद्यार्थ्याच्या मागे उभा असलेला माणूस त्या चित्रांत दिसत नाही. पुढे खंडेनवमी येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा धुऊनपुसून लख्ख होतात, लेथला झेंडूची माळ घातली जाते, शेगड्यांवर आणि हातोड्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. शिक्षकदिनी शिक्षकाचे पूजन होते, खंडेनवमीला यंत्राचे होते. यंत्रावर हात कसा ठेवावा हे शिकविणारा मात्र या दोन दिवसांच्या मध्ये कोठेतरी राहून जातो.

त्याचे शासकीय नाव आहे ‘शिल्प निदेशक’. शब्द मोठा सुंदर आहे. कोणी योजला असेल त्याने ‘शिल्प’ या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे हाताचे कौशल्य, मनात धरला असावा. त्याच काळातील जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री हे शब्दही असेच घडविलेले. ते प्रवेशपत्रिकेवर आणि प्रमाणपत्रावर राहिले, कार्यशाळेत मात्र फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच चालतात. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना थोडे वाईट वाटेल, पण विद्यार्थी निदेशकाला ‘सर’ म्हणतो आणि त्या एका हाकेत काही कमी पडत नाही.

या संस्थेत येणारा मुलगा कोणत्या मनःस्थितीत येतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. दहावीला त्याला बेताचे गुण मिळालेले असतात. विज्ञान शाखा मिळाली नाही, अभियांत्रिकी पदविकेचे शुल्क झेपणारे नव्हते, म्हणून कोणी नातेवाइकाने सुचविले की ‘आयटीआय करून टाक’. ‘करून टाक’ या दोन शब्दांत आपल्या समाजाचे हस्तकौशल्याविषयीचे सारे मत साठविलेले आहे. दहा वर्षे शाळेत बसून त्या मुलाने एक गोष्ट नीट आत्मसात केलेली असते, ती म्हणजे आपल्याला काही येत नाही ही समजूत. निदेशकाला लोखंड घडविण्याआधी ही समजूत खरवडून काढावी लागते. त्यासाठी तो भाषण करीत नाही. तो मुलाच्या हातात कानस देतो.

जोडारी व्यवसायाचे पहिले आठवडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य परिचित असेल. शेगड्यात नरम पोलादाचा तुकडा पकडलेला असतो आणि त्याची एक बाजू सपाट करायची असते. सांगायला हे काम चार शब्दांचे आहे. प्रत्यक्षात नवशिक्याच्या हातून ती बाजू सपाट होतच नाही, मधे फुगीर आणि कडांना उतरती होते. कारण कानस पुढे जाताना त्याचे हात झोक्यासारखे वरखाली होतात. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही, म्हणून दाब पुढे जाताना द्यायचा आणि परतताना सोडायचा. डावे पाऊल पुढे, उजवे मागे, शेगड्याची उंची कोपराइतकी. निदेशक मुलाच्या मागे उभा राहतो, त्याचे खांदे धरून त्याला वळवतो, पाऊल सरकवतो. मग काटकोन्या जॉबला लावून तो उजेडासमोर धरायला सांगतो. पोलाद आणि काटकोन्या यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली की काम अपुरे.

या परीक्षेचे वैशिष्ट्य असे की, तिथे निदेशकाला ‘चूक’ म्हणावे लागत नाही. उजेडच सांगतो. शाळेत ज्याच्या वहीवर लाल शाईच्या फुल्याच पडल्या, त्या मुलाला प्रथमच असा परीक्षक भेटतो जो त्याच्यावर रागावत नाही आणि त्याला फसवूही देत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्याने, केव्हातरी तो काटकोन्या उजेडासमोर धरतो आणि रेघ दिसत नाही. त्या क्षणी चांगला निदेशक काय करतो? तो तुकडा हातात घेतो, फिरवून पाहतो आणि दुसऱ्या बाजूचे काम सांगतो. प्रशंसेचा एवढाच उच्चार. त्या मुलाला तो पुरतो.

अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कानशींचे प्रकार, त्यांचे दाते, त्यांचे आकार सर्व दिलेले आहे. खांदे धरून वळवणे दिलेले नाही. तांत्रिक शिक्षणातील मार्गदर्शन म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर या न दिलेल्या भागाकडे पाहावे लागते. वेल्डिंगच्या कक्षात हा भाग कानाने शिकविला जातो. विद्युत्-ज्योतीचे अंतर बरोबर असेल तर कढईत काहीतरी एकसारखे तळले जात असल्यासारखा आवाज येतो. इलेक्ट्रोड लांब धरला तर तो आवाज तुटक आणि फुसफुसता होतो, फार जवळ नेला तर इलेक्ट्रोड चिकटतो. अनुभवी निदेशक दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलत असताना पाठमोराच हाक मारतो, ‘अंतर कमी कर’. मुलाला प्रथम चमत्कार वाटतो. सहा महिन्यांनी तोही ऐकू लागतो.

मापनाचेही तसेच. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलीमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलीमीटरपर्यंत वाचता येते हे सूत्र पाठ करता येईल. पण मायक्रोमीटर किती घट्ट आवळायचा हे बोटांनाच कळावे लागते. जोर लावून हवे ते माप आणण्याचा मोह नवशिक्याला होतो. तो मोह मोडणे हे तांत्रिक शिक्षण आहे आणि चारित्र्याचेही शिक्षण आहे, जरी कार्यशाळेत चारित्र्य हा शब्द कोणी उच्चारीत नाही.

सुरक्षिततेचा विषय याहून गंभीर. लेथच्या चकमध्ये चावी अडकलेली ठेवून हात काढायचा नाही, हा नियम प्रत्येक टर्नरला पहिल्या दिवशी सांगितला जातो. यंत्र सुरू झाले तर ती चावी गोळीसारखी सुटते. हा नियम एकदा सांगून भागत नाही. दोन वर्षे, रोज, प्रत्येक मुलाच्या बाबतीत तो पाहावा लागतो. बाह्या सैल नाहीत ना, मनगटात धागा किंवा कडे नाही ना, पायात चप्पल नाही ना. वीजतंत्रीच्या कक्षात ‘पुरवठा बंद केला आहे’ असे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः तपासल्याविना तारेला हात लावायचा नाही, ही सवय अंगवळणी पाडावी लागते. मुले कंटाळतात, ‘सर फार किरकिर करतात’ असे म्हणतात. आपल्या परंपरेत शिष्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूची कथा आहे. कार्यशाळेतील गुरू वीस-वीस अंगठे रोज मोजून घरी पाठवतो. त्याच्या या यशाची कोठेही नोंद होत नाही, कारण न झालेल्या अपघाताची नोंद ठेवण्याची वही अजून निघालेली नाही.

परंपरेचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. भारतातील कारागिरीचे वैभव आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगण्याजोगे आहेही. परंतु ती विद्या पुष्कळदा घरातच राहिली. बापाने मुलाला दिली, मामाने भाच्याला दिली. बाहेरच्याला दिली नाही, आणि ज्यांना अक्षरविद्या होती त्यांनी या हातविद्येकडे पाठ फिरविली. परिणामी लिहिणारा घडवू शकेना आणि घडविणारा लिहू शकेना. हा दुरावा मोडण्याचा प्रयत्न ज्या शिक्षकांनी केला त्यांची नावे आज तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतात, ही खेदाची बाब आहे.

त्यांतील एक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. बडोदा महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांच्या पुढाकाराने सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय तेथे होते. गज्जरांचा कटाक्ष असा की, हे शिक्षण मातृभाषेतून व्हावे. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा आणि पुस्तके तयार करण्याच्या खटपटीत ते पडले. रसायनशास्त्राचा प्राध्यापक रंगाच्या पिंपापाशी उभा राहून शिकवितो, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे ते मुंबईला आले तेव्हा त्यांचे विद्यार्थी त्यांच्याभोवती होतेच. १९०७ साली ‘अलेंबिक’ हा रासायनिक उद्योग उभा राहिला तो गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या मेळातून. ‘माझ्याकडून परीक्षा उत्तीर्ण झाला, आता तुझा तू’ असे न म्हणता शिष्याच्या उद्योगापर्यंत सोबत चालणारा शिक्षक येथे दिसतो. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या याच कलाभवनात शिक्षण घेतले होते, हेही आठवावे.

दुसरे नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. उद्योजक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, शिक्षक म्हणून फारसे नाहीत. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे निष्पन्न झाले. चित्रकलेची वाट बंद झाली, तेव्हा ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. ही संस्था १८८७ची; १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. आरेखन शिकविता शिकविता त्यांनी तेथील कार्यशाळेत यंत्रे स्वतः हाताळली. १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना नेला तेव्हा तयार कारागीर तेथे कोठून असणार? भोवतालच्या खेड्यांतून माणसे आली आणि तीच शिकत गेली. किर्लोस्करवाडीचा नांगर सर्वांनी पाहिला. तो नांगर करणारे हात आधी घडवावे लागले होते आणि ते काम एका जुन्या ड्रॉइंग-शिक्षकाने केले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

याच सुमारास, १९०८ साली, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. सामान्य माणसांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला हा कारखाना आरंभापासून काचकामाची शाळाही होता. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशी शिकून आलेले तंत्रज्ञ तेथे शिकवीत. येथे तयार झालेले कारागीर देशातील इतर काचकारखान्यांत गेले. स्वदेशीच्या चळवळीतील सभा आणि होळ्या इतिहासाच्या पुस्तकांत आल्या, भट्टीसमोर उभे राहून काच फुंकायला शिकविणारे हात आले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर एक शहाणपणाची गोष्ट घडली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची देशव्यापी योजना १९५० साली सुरू झाली, पण निदेशकांना प्रशिक्षण देणारी पहिली संस्था त्याआधी, १९४८ साली निघाली. आधी गुरू, मग शाळा. प्रारंभी या संस्था सुमारे ५० होत्या, आज देशभरात त्यांची संख्या १४,०००च्या वर आहे. इमारती वाढल्या, फलक वाढले. निदेशक त्या वेगाने वाढले नाहीत, ही गोष्ट या क्षेत्रात वावरणारे सर्वजण जाणतात. अनेक ठिकाणी पदे दीर्घकाळ रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरील निदेशक वर्षानुवर्षे तात्पुरते म्हणून काम करतात. स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नसलेला माणूस दुसऱ्याच्या मुलाला ‘तुझे आयुष्य उभे राहील’ असा धीर देत असतो. हा विरोधाभास आपण किती दिवस चालवून घेणार?

संस्थेबाहेर, खेड्यात हे काम कसे होऊ शकते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केले आणि ते सर्व सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या पाणी कमी असलेल्या गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेल्या मुलांना बुद्धी कमी असते, हे त्यांना मान्य नव्हते. हात चालू लागले की बुद्धी चालते, असा त्यांचा सिद्धान्त. तो त्यांनी लेख लिहून सिद्ध करीत बसण्यापेक्षा मुलांकडून कामे करवून सिद्ध केला.

पाबळच्या पद्धतीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस कामात घालवायचा. त्यात वेल्डिंग आणि सुतारकाम येते, वीज येते, शेती आणि पशुपालन येते, घर आणि आरोग्य येते. मुले शिकताना गावाची कामे करतात आणि गाव त्यांचे मोल देते. शाळेचे फाटक, गोठ्याची गव्हाण, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी, जमिनीचा विद्युत्-रोध मोजून भूजलाचा अंदाज घेणे, ही सारी कामे तेथील विद्यार्थ्यांनी केली आहेत. खऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या कामात एक धाक असतो. वहीतील चूक खोडता येते, दुसऱ्याच्या दारावर बसविलेले वाकडे फाटक रोज येता-जाता दिसते. हे शिकवायला मोठ्या पदव्यांच्या शिक्षकाऐवजी गावातला कसबी माणूस किंवा येथेच शिकून तयार झालेला तरुण निदेशक म्हणून उभा राहिला. कलबाग २००३ साली गेले. त्यांचे काम चालू आहे. पाबळच्या या एक वर्षाच्या ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेतून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकांनी गावोगावी स्वतःची दुकाने, कार्यशाळा काढल्या आहेत.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आले आणि इयत्ता सहावीपासून व्यवसाय-शिक्षणाची ओळख करून देण्याचा विचार त्यात मांडला गेला. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या कसबी व्यक्तींकडे शिकावे असे त्यात म्हटले आहे. २०२४ साली सहावीसाठी ‘कौशल बोध’ हे पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध झाले. योजना उत्तम आहे. परंतु पुस्तक वाचून दाखविणाऱ्या शिक्षकाच्या हाती ती पडली तर तिचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पाबळने चाळीस वर्षांपूर्वी दाखविलेली गोष्ट, म्हणजे कसबी माणसाला वर्गात मानाची जागा देणे, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. तो कसबी माणूस पदवीधर नसेल. त्याला कोणत्या वेतनश्रेणीत बसवायचे, असा प्रश्न कार्यालयात निघेल. तेव्हा फाइल अडते की पुढे जाते, यावर या योजनेचे भवितव्य ठरणार आहे.

आता मार्गदर्शनाचा जो भाग सर्वांत कमी दिसतो त्याकडे वळू. मुलगा उत्तीर्ण होतो तेथे शाळेचा शिक्षक मोकळा होतो. निदेशक मोकळा होत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. त्यानुसार कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. पण कोणत्या कारखान्यात कोणता मुलगा रुजेल, हे कायद्याला कळत नाही. ते निदेशकाला कळते. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतून त्याचे जुने विद्यार्थी असतात. कोणी आज पर्यवेक्षक आहे, कोणी स्वतःची चार यंत्रे टाकली आहेत. सर दूरध्वनी करतात, ‘एक पोरगा पाठवतोय, हात चांगला आहे, बोलतो कमी, सांभाळून घे’. या एका वाक्यात जी शिफारस आहे ती कोणत्याही गुणपत्रिकेत उतरत नाही. ‘बोलतो कमी’ हे निदेशकाने दोन वर्षे पाहिलेले असते.

आणि मुलगा रुजू झाला तरी पहिला महिना धोक्याचा. खेड्यातून आलेला, खोलीत सहा जणांबरोबर राहणारा, रात्रपाळीने गांजलेला मुलगा पंधराव्या दिवशी गावी परत येतो. घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, इथेच काहीतरी बघू’. अशा वेळी जो निदेशक संध्याकाळी त्या घरी जाऊन ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि वडिलांशी शेतीच्या गोष्टी करता करता मुलाला परत पाठवतो, तो कोणत्या नियमाखाली ते करतो? त्याला प्रवासभत्ता नाही, त्याचा अहवाल नाही. मुलगी वेल्डर किंवा वीजतंत्री व्हायला निघाली असेल तर ओट्यावरची ही बैठक एकदा होऊन भागत नाही. तिच्या आईला कारखान्याची वेळ सांगावी लागते, बस कोठून मिळते हे सांगावे लागते, तेथे आणखी किती मुली आहेत हे सांगावे लागते. निदेशिका असेल तर तिचे शब्द अधिक पोचतात. अशा निदेशिकांची संख्या वाढणे हा मुलींच्या तंत्रशिक्षणाचा निम्मा उपाय आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

निदेशकाची स्वतःची अडचण वेगळी आहे. त्याने ज्या लेथवर हात बसविला त्याची जागा संगणक-नियंत्रित यंत्रांनी घेतली. मोटार मेकॅनिकच्या कक्षात कार्ब्युरेटर शिकविणाऱ्याला इंधन-अंतःक्षेपण शिकावे लागले आणि आता विजेवर चालणारी वाहने दारात आली. पंचेचाळिशीतल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे, तेही पुष्कळदा आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात जाऊन, याला मनाचा मोठेपणा लागतो. तो मोठेपणा दाखविणारे निदेशक आहेत. रविवारी स्वखर्चाने जाऊन नवे यंत्र पाहून येणारे आहेत. न जाणारेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. गौरवाच्या प्रसंगी सर्वांना सरसकट हार घालणे म्हणजे जे खरोखर झिजतात त्यांचा अपमान होय.

जर्मनीत या विषयाकडे कसे पाहतात हे बोधप्रद आहे. तेथे कसबी व्यवसायात ‘माइस्टर’ ही पदवी मिळविण्याच्या परीक्षेचे चार भाग असतात. पहिल्या भागांत कौशल्य आणि त्यामागील शास्त्र, तिसऱ्यात व्यवहार आणि कायदा, आणि चौथा संपूर्ण भाग शिकाऊ मुलांना कसे शिकवावे याचा. जो शिकवू शकत नाही तो तेथे पूर्ण उस्ताद मानला जात नाही. आपल्याकडेही जुन्या उस्तादांना हे मान्य झाले असते. आजच्या आपल्या व्यवस्थेत मात्र चांगल्या कारागिराला कारखान्यात जे मिळते त्याहून पुष्कळदा कमी निदेशकाला मिळते, आणि मग ‘चांगली माणसे या क्षेत्रात येत नाहीत’ अशी तक्रार आपणच करतो.

गेल्या काही वर्षांत शासनाने या शिक्षकांची दखल घेण्यास आरंभ केला, त्याचे स्वागत केले पाहिजे. २०१९ साली केंद्रीय कौशल्य विकास मंत्रालयाने प्रशिक्षकांसाठी ‘कौशलाचार्य’ पुरस्कार सुरू केले. २०२२ साली विश्वकर्मा जयंतीला, १७ सप्टेंबर रोजी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांचा पहिला दीक्षान्त समारंभ झाला. तोवर विद्यापीठाच्या पदवीधरालाच झगा आणि टोपी होती. २०२३ साली राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांच्या कक्षेत कौशल्य-प्रशिक्षकही आले. ७५ जणांच्या त्या यादीत या क्षेत्रातील १२ जण होते. जिल्ह्याच्या ठिकाणी कानस शिकविणाऱ्या माणसाच्या घरी ती बातमी वाचली गेली असेल तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

पण देशातील लाखो विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या निदेशकांपैकी पुरस्कार किती जणांपर्यंत पोचणार? बाकीच्यांचे ऋण त्या त्या गावानेच फेडावयाचे आहे. या सभागृहात कारखानदार बसलेले आहेत. त्यांनी शाल-श्रीफळाचा खर्च करावाच, शिवाय आणखी काही करावे. आपल्या कारखान्यात नवे यंत्र येते त्या आठवड्यात जवळच्या संस्थेतील निदेशकाला बोलवावे आणि चार दिवस त्या यंत्रापाशी उभे राहू द्यावे, केवळ पाहू न देता चालवू द्यावे. वर्षातून महिनाभर त्याला कारखान्यात मानधन देऊन काम करू द्यावे. संस्था आणि कारखाना मिळून प्रशिक्षण देण्याची पद्धत शासनाने २०१६ पासून मान्य केलेली आहे, तेव्हा कागदाची अडचण सांगता येणार नाही. कारखान्यातून रद्द होणारे गिअर, बेअरिंगे, मोटारी भंगारात जाण्याआधी संस्थेत जाऊ द्याव्यात. विद्यार्थ्याला उघडून पाहण्यासाठी बिघडलेली वस्तूच उपयोगी पडते. घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराचे कसे चालले आहे, हे तीन महिन्यांनी त्याच्या निदेशकाला दोन ओळींत कळवावे. आज त्याला ते मुलाकडूनच, दिवाळीला भेटला तर, कळते.

पालकांसाठी एकच विनंती. येत्या खंडेनवमीला जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जावे. त्या दिवशी कार्यशाळेत पुष्कळ संस्था बाहेरच्यांचेही स्वागत करतात. बरोबर आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी असावी. लेथवरची माळ पाहून झाली की तेथे उभ्या असलेल्या निदेशकांना विचारावे, ‘हे कसे चालते?’ आणि मुलांना घाई करू नये. दिवाळीनंतर, कार्यशाळा पुन्हा चालू असताना, अर्धा दिवस पाठवायचे झाले तर प्राचार्यांना आधी भेटून घ्यावे आणि पायात बूट घालून पाठवावे.